जास्तीचे टाके

कुमुद जगदाळे यांच्यासमोर "चल जाएगा" म्हणायची सोय नव्हती. गिऱ्हाइकानं घाईत म्हटलं, "अरे जीजी, इतना बारीक काय को? चल जाएगा," की त्या हातातली कात्री खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "किती दिवस चालेल ते सांगा. तेवढ्याच दिवसांचं शिवते." मग त्या पुन्हा कात्री उचलायच्या.

स्नेहलतागंजात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर जगदाळे बहीण-भावाचं ताडपत्रीचं दुकान होतं. ताडपत्री म्हणजे आमच्या इंदूरच्या मराठीत तिरपाल. ट्रकवर टाकायचं, गव्हाच्या पोत्यांवर घालायचं, शाळेच्या अंगणात सावलीसाठी बांधायचं. पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला धाकटा भाऊ अनंत, आणि मागच्या लांब खोलीत शिवणयंत्रावर जीजी. अनंत जीजी म्हणायचा म्हणून सगळा बाजारच त्यांना जीजी म्हणायचा. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पणजोबा संस्थानच्या फरासखान्यात होते, दरबारचे तंबू आणि कनाती त्यांच्या ताब्यात असत. अनंतला त्याचा फार अभिमान, दर नव्या गिऱ्हाइकाला सांगायचाच. जीजी आतून ओरडायच्या, "पणजोबा गेले, अन्या. तू तिरपाल दाखव."

मी आणि माझा नवरा छत्रीबागेत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो आणि मी पलासियातल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करायचे. ओळख झाली ती स्कूटरच्या कव्हरवरून. दोन दिवसांत कव्हर शिवून त्या स्वतः घेऊन आल्या, स्कूटरवर घातलं, आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवून असं काही ताणलं की मला वाटलं, आता फाटतंय.

"अहो जीजी, नवीन आहे!"

"नवीन आहे म्हणूनच. फाटायचं तर माझ्यासमोर फाटू दे."

फाटलं नाही. त्यांचं काही फाटत नसे. बाजारात बाकीचे कारागीर इंचाला पाच-सहा टाके घालत, जीजी दहा घालायच्या. त्यांचा बारीक टाका ओळखू यायचा. जुनं तिरपाल दुरुस्तीला आलं की अनंत लांबूनच सांगायचा, "ये तो अपनाच है."

एकदा लग्नाच्या मांडवाचं छत न्यायला मांडववाला ट्रक घेऊन दारात उभा होता. जीजींनी शेवटचा हात फिरवताना पाहिलं, दोर ओवायची एक कडी हाताखालच्या कारागिराने घाईत चार टाक्यांत जोडलेली. त्यांनी छत परत आत ओढलं. मांडववाला हातापाया पडला, मग चिडला, मग नवऱ्या मुलाच्या काकांना फोन लावून फोन जीजींच्या कानाला लावला. जीजी म्हणाल्या, "काकाजी, छत डोक्यावर पडलं तर शिव्या मला द्याल. मग आत्ताच द्या, मी शिवते तोवर." दीड तास त्यांनी सगळ्या कड्या उसवून नव्यानं शिवल्या. त्या दिवशी संध्याकाळी मोठी वावटळ आली, शेजारच्या मैदानातला मांडव आडवा झाला आणि हा उभा राहिला. अनंत ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगत होता. जीजी सांगत नसत, पण ऐकताना यंत्राचा आवाज जरा कमी व्हायचा, हे मी पाहिलं आहे.

त्यांच्या आयुष्यात शिडं आली ती भदौरिया सरांमुळे. नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ. भोपाळच्या तलावावर शाळेतल्या मुलांना शिडाच्या छोट्या होड्या चालवायला शिकवायचे. एका होडीत एकच मूल, एकच शीड. इंदूरला काही कामाला आले असताना जीपमध्ये एक फाटकं शीड टाकून आणलं होतं. तीन दुकानांनी नाही म्हटल्यावर चौथं दुकान जगदाळ्यांचं. अनंतनंही हात जोडले, "सर, ये अपने यहाँ नहीं होगा." तेवढ्यात जीजी बाहेर आल्या. कापड बोटांत चोळून पाहिलं. पांढरं, कडक, कागदासारखं कुरकुरणारं. त्यांनी ते लादीवर पसरलं आणि तळव्यांनी सारखं करायला लागल्या. एका बाजूनं सपाट केलं की दुसऱ्या बाजूला फुगायचं.

"हे सपाट बसतच नाही," त्या म्हणाल्या. "याला पोट आहे."

भदौरिया सर हसले. "बस, जीजी. उसी पेट में हवा भरती है."

जीजींनी ते शीड चार दिवस ठेवून घेतलं. पट्टा न् पट्टा उसवला, वर्तमानपत्रावर आखला. मला हाक मारून बोलावलं आणि दाखवलं, की प्रत्येक पट्ट्याची कड सरळ नाही, किंचित धनुष्यासारखी आहे आणि म्हणूनच सगळे जोडल्यावर पोट तयार होतं. पन्नाशी उलटलेल्या या बाई, चाळीस वर्षं सरळ रेषेत शिवलेल्या, आणि एका वाकड्या कडेनं इतक्या खूश झाल्या होत्या की त्यांनी दोन कप चहा विसरून गार केला. दुरुस्तीनंतर भदौरिया सरांनी नवीन शीड मागितलं. मग अजून एक. कापड ते बाहेरून मागवून द्यायचे, शिवायचं जीजींनी. सव्वा वर्षात सहा शिडं झाली. त्यातलं एकही त्यांनी पाण्यावर पाहिलं नव्हतं. भदौरिया सर फोटो पाठवायचे, जीजी ते दोन बोटांनी मोठे करून फक्त शिवण पाहायच्या.

सहावं शीड गेल्याला दोन महिने झाले असतील. एका रविवारी दुपारी भदौरिया सरांचा फोन आला. वारा अचानक वाढला होता. रिद्धी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या होडीचं शीड वरपासून खालपर्यंत फाटलं, होडी उलटली, आडवा दांडा मुलीच्या खांद्यावर बसला आणि फाटकं शीड तिच्यावर पडलं. जिवावर बेतलं नव्हतं. गळ्यापाशी हाड मोडलं होतं. पण सुमारे एक मिनिट ती त्या कापडाखाली पाण्यात होती.

जीजींनी एवढंच विचारलं, "शीड कितवं?"

"पहला वाला, जीजी. पर आपकी सिलाई को कुछ नहीं हुआ है. हवा ही ऐसी थी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं जीजी भोपाळला गेल्या. दवाखान्यात रिद्धीला भेटल्या. तिच्या आईनं उलट यांनाच धीर दिला, "आपकी गलती थोड़ी है, आंटी." परत येताना त्यांनी फाटलेल्या शिडाचा हातभर तुकडा कापून आणला आणि माझ्याकडून क्लासची एक प्लास्टिकची फाइल मागून घेऊन त्यात ठेवला.

तो तुकडा मी पाहिला. जीजींची शिवण जशीच्या तशी होती, एक टाका तुटला नव्हता. तिच्या शेजारून, अगदी लगटून, कापड फाटलं होतं.

अनंतला यातच सगळं मिळालं. "बघ, शिवण टिकली. कापडच खराब. कापड भदौरियांनी आणलं. आपला काय संबंध?"

"मग रेषेत कसं फाटलं?" जीजी म्हणाल्या. "कापड खराब असतं तर कुठूनही फाटलं असतं. हे माझ्या शिवणीला धरूनच कसं फाटलं?"

त्या दिवसापासून तो प्रश्न घरात राहायलाच आला. जीजी जेवताना मध्येच थांबायच्या. शिवताना यंत्र थांबवून टाक्याकडे बघत बसायच्या. इंदुरातल्या दोन-तीन जुन्या कारागिरांना त्यांनी तुकडा दाखवला, सगळ्यांनी अनंतचंच म्हणणं सांगितलं. भदौरिया सरांना त्या दर दोन दिवसांनी फोन करायच्या, "बाकीची पाच वापरू नका." सर आधी हो म्हणाले, मग महिना दीड महिना गेल्यावर म्हणाले, "जीजी, कब तक? सर्दियों का कैंप सिर पर है. तीस बच्चे आ रहे हैं. आपके पाँच सेल नहीं लगाऊँ तो क्या चादर बाँधूँ?"

त्यांचंही खोटं नव्हतं. दुसरी शिडं आणायला त्यांना वेळही नव्हता आणि दुसरं कोणी शिवून देणारंही नव्हतं.

कोचीला शिडाच्या बोटींचं प्रदर्शन भरतंय, हे भदौरिया सरांनीच बोलता बोलता सांगितलं. शिडं शिवणारेही तिथे येतात. जीजी संध्याकाळी वर आल्या आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. "संध्या, तुझ्या त्या लॅपटॉपवर बघ. तीन दिवस आहे म्हणे. संपल्यावर दहा दिवसांनी भदौरियांचं शिबिर. म्हणजे जाऊन, विचारून, परत येऊन, काही करायचं तर सात दिवस हातात."

गणित त्यांनी आधीच केलेलं होतं.

त्यांचा इंदूरबाहेरचा प्रवास म्हणजे उज्जैन, देवास, आता हे भोपाळ, आणि एकदा लग्नाला पुणे. भोपाळ सोडलं तर एकट्या कधी नाहीच. हिंदी आणि मराठी सोडून तिसरी भाषा नाही. मला परीक्षांच्या दिवसांत रजा मिळणं शक्य नव्हतं. अनंतला विचारायची सोय नव्हती, कारण त्याला बेतच मान्य नव्हता.

नावनोंदणीचा फॉर्म भरताना पहिल्याच पानावर अडलो. तुम्ही कोण, असं विचारलं होतं. बोटमालक, विक्रेते, शीड शिवणारे, की नुसते बघायला येणारे.

"शीड शिवणारे लिहू ना?" मी विचारलं.

जीजींनी माझा हात धरला. "नको. आधी कळू दे, शिवता येतं का मला."

मी नुसते बघायला येणारे यावर खूण केली.

कोचीकडे जाणारी थेट गाडी आठवड्यातून एकदाच. ती चुकली तर प्रदर्शन संपल्यावरच पोचणार. तिकीट काढलं तेव्हा वेटिंग अठरा. रोज सकाळी मी ऑफिसला जाताना जीजी जिन्याच्या तोंडाशी उभ्या असायच्या. माझ्या हातातल्या फोनकडे बघायच्या. मी म्हणायचे, चौदा. अकरा. नऊ. मग चार दिवस नऊच. दरम्यान त्या इंग्रजी शिकत होत्या. मी त्यांना वहीत देवनागरीत लिहून दिलं होतं, व्हाय डिड धिस टेअर? त्यांनी अर्थ विचारला, मग मान हलवली. "हे का फाटलं, असं नको. ते कापडाला विचारल्यासारखं होतं. माझ्यामुळे फाटलं का, याला काय म्हणतात?"

मी लिहिलं, इज इट माय फॉल्ट? त्या ते कपडे वाळत घालताना म्हणायच्या, यंत्रावर म्हणायच्या. मला वरपर्यंत ऐकू यायचं.

अनंतचा स्फोट निघायच्या आदल्या दिवशी झाला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी फाइलीत तिकिटाची प्रत ठेवायला गेले होते.

"जीजी, तू पण ना! जगात कोणी असं करतं का? लोक चूक लपवायला फिरतात, तू तिकीट काढून शोधायला चाललीस! पोलिसात गेले का ते लोक? नाही. कोणी बोललं तुला काही? नाही. आणि उद्या तिथल्या कोणी सांगितलं, हाँ, आपकी गलती, तर? त्या मुलीच्या आईला काय सांगशील? दुकानाचं काय? चार पिढ्या, भिया, चार पिढ्या!" इंदुरात चिडलेला माणूस बहिणीलाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो.

जीजी कापड घडी करत होत्या. घडी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "पाच शिडं तिथे पडली आहेत, अन्या. पाच मुलं बसतील खाली. तुझी नेहा बसली असती तर तू काय सांगितलं असतंस? चल जाएगा?"

नेहा म्हणजे अनंतची मुलगी. तो बाहेर निघून गेला.

निघायच्या दिवशी सकाळी वेटिंग दोन होतं. चार्ट लागेपर्यंत आम्ही फोन मध्ये ठेवून समोरासमोर बसलो होतो. जीजींनी नवी कोरी साडी नेसली होती आणि मांडीवर पिशवी धरून ठेवली होती, जणू कोणी हिसकावून घेणार आहे. फोन वाजला तेव्हा दोघींनी एकदमच हात घातला. बर्थ मिळाली होती. वरची. त्या वयाला वरची बर्थ, पण जीजी इतकंच म्हणाल्या, "चढेन."

स्टेशनवर अनंत आधीच येऊन उभा होता. पाण्याच्या दोन बाटल्या आणि शेव-परमलचा, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचा, मोठा पुडा घेऊन. गाडी हलायच्या आधी खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "जीजी, दुकानाचं नाव नको सांगू तिथे."

"पहिलं तेच सांगणार आहे," जीजी म्हणाल्या, आणि पुडा आत घेतला.

पोचल्यावर सकाळी फोन करायचा ठरलं होतं. आला नाही. मी लावला, बंद. दहाला लावला, अकराला लावला. ऑफिसात पालकांची रांग, मी पावत्या फाडायच्या सोडून फोन बघत होते. दुपारी अनंतचा फोन आला, आवाज फाटलेला, "तुझ्याकडे आला का? मी म्हटलं होतं ना, म्हटलं होतं ना मी?" एक वाजला, तीन वाजले. नवख्या गावात, भाषा येत नाही, एकटी बाई. मी रेल्वेचा मदतीचा नंबर शोधून काढला आणि लावणार तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"संध्या, माझंच आहे."

"काय? जीजी, कुठे आहात? फोन का बंद?"

"पाण्यात पडला. फोन. ते राहू दे. संध्या, चूक माझीच आहे. भदौरियांना मी आत्ताच सांगितलं, पाचही शिडं उतरवून खोलीत कुलूप लावून ठेवा." मागे हातोडीचा आवाज येत होता, कोणीतरी माइकवरून बोलत होतं. जीजींचा आवाज रडका नव्हता. खूप दिवस न सापडलेलं माप सापडल्यावर यायचा, तसा होता.

पुढचं सगळं त्या परत आल्यावर कळलं. प्रदर्शनात पोचल्यावर त्या एकेका स्टॉलवर जाऊन फाइल उघडत आणि ते एक इंग्रजी वाक्य म्हणत. बरेचसे लोक हसून माहितीपत्रक हातात द्यायचे. शेवटी एका कोपऱ्यात अँथनी नावाचे म्हातारे शीडवाले भेटले. मुंबईला वीस वर्षं काढलेले, हिंदी येत होतं. त्यांनी तुकडा उजेडात धरला. मग भिंग काढलं. मग टाके मोजले. मग वर बघून विचारलं, "किसने सिया?"

"मैंने."

"इतना सुंदर हाथ मैंने बहुत साल में नहीं देखा," ते म्हणाले. "और इसी ने फाड़ा."

तिरपालाचं कापड सुती, जाड. सुई आरपार गेली तरी धागे बाजूला सरकतात, पाणी लागलं की फुगून भोक बुजवतात. शिडाचं कापड तसं नाही. त्यात सुई जाईल तिथे भोक राहतं, कायमचं. जीजींची तिरपालाची जाड सुई आणि इंचाला दहा टाके. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला असतात तशी भोकांची रांग तयार झाली होती. वारा जोरात आला आणि त्या रांगेवरून कापड फाडलं गेलं. जितकी काळजी जास्त, तितकं शीड कच्चं. बाजारातल्या कोणा आळशी कारागिराने सहा टाक्यांत शिवलं असतं तर कदाचित टिकलं असतं.

हे सांगताना जीजी आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, जास्त घातले की जास्त पक्कं," त्या म्हणाल्या.

अँथनींनी त्यांना दोन दिवस आपल्या स्टॉलच्या मागे यंत्रावर बसवलं. बारीक सुई, नागमोडी लांब टाका, दोन ओळींत अंतर. एकदा नाही, शंभरदा शिवून घेतलं. मी विचारलं, "आणि बोटी कशा होत्या?"

"बोटी?" जीजींनी आठवून पाहिलं. "हो, होत्या की. पुष्कळ होत्या."

समुद्रही त्यांना परतीच्या गाडीतूनच दिसला होता, आणि तो समुद्र होता की खाडी, ते नक्की माहीत नव्हतं.

आल्या त्या दिवशी त्या आधी भोपाळला उतरल्या होत्या. पाच शिडं ताब्यात घेतली आणि ती गाठोडी घेऊन सरळ रिद्धीच्या घरी गेल्या. हे त्यांनी मला फार थोडक्यात सांगितलं. दारात उभ्या राहूनच त्यांनी सांगितलं, की मागे तुम्ही म्हणालात माझी चूक नाही, पण होती, आता मला कळली आहे. रिद्धीची आई बघतच राहिली. मग म्हणाली, "आप न बतातीं तो हमें पता ही नहीं चलता."

"इसीलिए आई," जीजी म्हणाल्या.

त्या बाईनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. जीजी म्हणाल्या, "बरोबरच आहे."

हातात सात दिवस होते. जुन्या भोकांवर पुन्हा शिवून उपयोग नव्हता. प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंनी कापून टाकायची, पट्टे अरुंद करायचे, कडांचे बाक नव्यानं आखायचे आणि पुन्हा जोडायचं. शीड चार बोटं लहान होणार, पण चालवता येणार होतं. मागच्या खोलीतलं सगळं तिरपाल बाहेर काढलं गेलं. पहिले दोन दिवस अनंत पुढेच बसून होता, आत डोकावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा द्यायला गेले तर दुकानाचं अर्धं शटर खाली होतं आणि आत अनंत गुडघ्यांवर बसून कापड धरत होता. जीजी शिवत होत्या आणि तो दर फुटाला थांबवून इंचभरातले टाके मोजत होता.

"पाच," तो म्हणायचा. "पाच. जीजी, इथे सहा झालेत."

"उसव," जीजी म्हणायच्या.

मी चाळीस वर्षांच्या सवयीचा हात असा अडखळताना कधी पाहिला नव्हता. मध्येच तो आपल्या वळणावर जायचा, बारीक, घट्ट, सुंदर. मग त्या यंत्र थांबवायच्या, बोटं चोळायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. पाचवं शीड शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी संपलं.

शिबिराच्या पंधरवड्यानंतर माझ्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली आणि आम्ही इंदूर सोडलं. जीजींशी फोनवर बोलणं व्हायचं, भेट झाली नाही. दोन वर्षांनी अनंतनं त्या गेल्याचं कळवलं. झोपेतच, हृदयविकाराचा झटका. ती पाच शिडं अजून तलावावर आहेत, शिवाय नंतरची अकरा आहेत, हेही त्यानंच सांगितलं. मात्र मला जीजी दिसतात त्या शिबिराच्या पहिल्या दिवशीच्या.

त्या दिवशी मी एका दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर भोपाळला गेले होते. वारा होता. भदौरिया सर आकाशाकडे बघून म्हणाले, आज चांगला आहे. जीजींनी त्यांना सांगून टाकलं होतं, की मागून जाणाऱ्या बचावाच्या मोटरबोटीत त्या बसणार. पोहता येत नाही, होडीत कधी पाय ठेवला नाही, हे सगळं सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. साडीवरून नारिंगी जॅकेट घालून, बंद ओढून घेऊन त्या बोटीत उतरल्या.

रिद्धी आली होती, मोडलेलं हाड आता जुळलं होतं. तिची आई तिच्यामागे चार पावलं. भदौरिया सरांनी रिद्धीला दुसरं, जीजींनी न शिवलेलं जुनं शीड दाखवलं. तिनं नाही अशी मान हलवली आणि जीजींच्या शिडाच्या होडीत जाऊन बसली. तिची आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, का कोण जाणे, आणि होडी काठापासून सुटली तेव्हा तिनं माझं मनगट पकडलं.

पाच होड्या पाण्यावर गेल्या. मधोमध पोचल्यावर वाऱ्याचा जोर वाढला. शिडं एकदम भरली, होड्या एका अंगावर कलल्या. रिद्धीची सगळ्यात जास्त. ती बाहेरच्या बाजूला झुकून दोर ओढत होती. शिडाच्या पोटावर उन्हात शिवणींच्या पाच रेघा दिसत होत्या. माझ्या मनगटात त्या बाईची नखं रुतली.

मागून मोटरबोट जात होती. भदौरिया सर काठावरून भोंग्यात ओरडत होते, "जीजी, बैठ जाइए! जीजी, बैठिए!" आणि जीजी बोटीत उभ्या होत्या, एका हातानं कडेचा लोखंडी कठडा धरून, पदर वाऱ्यावर उडत होता, मान वर, डोळे त्या शिडावर. त्या शेवटपर्यंत बसल्या नाहीत.